चुकीचा होकार

पाषाणच्या टेकडीखाली, तिसऱ्या मजल्यावर
मी नद्यांना उंचीवरून ओळखते.
तीस मीटरचा एक चौकोन, त्याला एक आकडा.
शेजारचा चौकोन खाली असेल तर पाणी तिकडे जाणार,
एवढंच यंत्राला शिकवलंय.
एवढ्यावर ते रात्रभर घरघरत
आंबी काढतं, मोशी काढतं, मुठेला नेऊन मिळवतं.
पाण्याचा एक थेंब न बघता.

पण त्याआधी एक पायरी असते.
पडद्यावर ती आज्ञा साधीच दिसते: खड्डे बुजवा.
नाहीतर पाणी खड्ड्यात थबकतं
आणि नकाशावर नदी मध्येच तुटते.
सात वर्षं मी ती कळ दाबत आले,
दुसऱ्या हातात चहाचा कप.

मग विचारायचं: महाशीर कुठे राहील?
उतार किती, दरी किती चिंचोळी,
वरून किती ओढे येऊन मिळालेत.
उत्तर शून्य आणि एक यांच्या मधलं येतं.
एकाच्या जवळचे चौकोन मी हिरवे रंगवते.

पानशेतच्या वरच्या अंगाला, खडकावर बसून
गजराबाई मल्लाव यांच्या हातात नकाशा दिला.
त्यांनी तो उलटा धरला. मी सरळ केला.
त्यांनी पुन्हा उलटा केला.
"नदी माझ्यापासनं तिकडं जाती. मग मी अशीच बघणार."
बोट फिरत गेलं.
"हितं रांजणडोह. हितं म्हसडोह, दोन बांबू.
ह्यो बिननावाचा, पण वाम ह्यातच.
चैतात नदीचा नुसता दगूड ऱ्हातो,
तवा मासा जातो कुठं? डोहात.
तुझ्या कागदावर डोह कुठायत?"

बुजवले, मी म्हणाले.
दुसरा शब्द शोधत होते. सापडला नाही.

परत येऊन सतरा डोह हातानं खणले,
एकेक चौकोन खाली ढकलत.
खोलीचा रकाना बघून टिल्लू सर म्हणाले, एकक?
मी लिहिलं होतं: बांबू.
कुणाचा बांबू, त्यांनी विचारलं, आणि ते हसत नव्हते.
फोन केला. अकरा हात, गजराबाई म्हणाल्या,
पण हात माझ्या नवऱ्याचं, माझं न्हाईत.
नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली.

त्या रात्री यंत्रानं नव्यानं नदी वाचली.
घाटाखालचे चौकोन उजळले, ते अपेक्षित होतं.
आणि एक, एकटाच, शहरात.
डेंगळे पुलाच्या अलीकडे. शून्य पूर्णांक त्र्याऐंशी.

गेले बघायला.
मेट्रोचा खांब, त्याच्या सावलीत
फेस, जलपर्णी, कुणाची तरी गादी.
प्राणवायू मोजायची नळी सोडली,
आकडा शून्याशी जाऊन बसला, उठेचना.
एक चिलापी पृष्ठभागाला तोंड लावून
हवा पीत होती.
नाकाला ओढणी बांधून मी नोंदवहीत लिहिलं:
चुकीचा होकार.

आमच्यात तसंच म्हणतात,
यंत्र हो म्हणालं आणि मासा नसला की.

पण ते खोटं बोललं नव्हतं.
त्याला वास येत नाही, गटारं ठाऊक नाहीत,
पाचशे वस्त्यांचं सांडपाणी ठाऊक नाही.
त्याला फक्त जमीन वाचता येते,
आणि जमीन अजून हो म्हणतेय:
इथे खडक वळतो, इथे पाणी खोल जायचं,
इथे कुणीतरी असायला हवं.

तो चौकोन पुसायचा की ठेवायचा
हे अहवालात कुठेच विचारलेलं नाही.
दोन दिवस तो तसाच हिरवा.

शेवटी गजराबाईंना फोन लावला.
पुलाचं नाव सांगितलं, खांब सांगितला, वास सांगितला,
यंत्र काय म्हणतंय तेही.
पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.
बराच वेळ फक्त कोंबड्याच.
मग त्या म्हणाल्या,

"बांबू घालून बघितलास का?"